गुडघ्याखाली पाय काढल्यावर जखम कशी बंद करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे. बोटांपासून सुरू झालेला जंतुसंसर्ग आता घोट्यापर्यंत पोहोचला आहे, पाऊल सुजले आहे, जखमेतून पू येतो आणि दुर्गंधी सुटली आहे. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल याबद्दल दोन्ही सर्जनांचे एकमत आहे, मतभेद आहे तो पुढच्या गोष्टीवर. एकाचे म्हणणे असे की आधी घोट्याजवळ पाय काढून जखम उघडी ठेवावी आणि काही दिवसांनी वरच्या पातळीवर रीतसर शस्त्रक्रिया करून ती बंद करावी. दुसऱ्याचे म्हणणे असे की एकाच वेळी गुडघ्याखाली पाय काढून लगेच टाके घालावेत. त्याशिवाय टाके चांगले की स्टेपल, आणि व्रण पुढे येणारी पद्धत बरी की बाजूला येणारी, हेही आपण विचारले आहे.

मी ही शस्त्रक्रिया बरीच वर्षे करत आलो आहे आणि हे प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकतो. वडिलांना तपासल्याशिवाय त्यांच्यासाठी अमुकच योग्य असे मी लिहू शकत नाही, आणि तसे कोणी लिहिले तर आपण त्यावर विसंबू नये. पण सर्जन हा निर्णय कसा घेतो, कशाला महत्त्व देतो आणि कशाला कमी, हे समजले तर दोघांशीही आपल्याला नीट बोलता येईल.

जखम बंद करणे म्हणजे टाके घालणे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात जखम भरेल की नाही याचा बराचसा निकाल टाक्यांच्या आधी लागलेला असतो. हाड कुठे कापले, कातडी आणि स्नायू किती राखले, राखलेल्या भागाला रक्त पोहोचते का आणि त्यात जंतुसंसर्ग उरला आहे का, या चार गोष्टी जुळल्या असतील तर साध्या नायलॉनच्या टाक्यांनीही जखम भरते. त्या जुळल्या नसतील तर कोणताही महागडा धागा उपयोगाचा नसतो. शिवाय ही जखम नुसती भरून भागत नाही. उरलेल्या भागावर, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, पुढे कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे स्टंप जिच्यात बसतो त्या खोबणीत, शरीराचा भार यायचा असतो. म्हणून हाडाच्या टोकावर मऊ गादी हवी, कातडी खाली चिकटलेली नको आणि व्रण घासला जाणार नाही अशा जागी हवा.

आता पहिला प्रश्न, एक टप्पा की दोन. आपण जे वर्णन केले आहे, म्हणजे सूज, पू आणि दुर्गंधी, त्याला आम्ही ओला गँग्रीन म्हणतो. ओल्या गँग्रीनमध्ये जंतू फक्त दिसणाऱ्या काळ्या भागात नसतात. ते स्नायूंच्या आवरणांमधून आणि स्नायुबंधांच्या नळ्यांमधून वर सरकलेले असतात, आणि वरची कातडी चांगली दिसत असतानाही आत पोटरीपर्यंत पू असू शकतो. अशा पायात गुडघ्याखाली कापून लगेच जखम शिवली तर आत राहिलेल्या जंतूंना बंद, उबदार आणि रक्ताने ओली जागा मिळते. मग काही दिवसांत स्टंप लाल होतो, टाक्यांमधून पू येऊ लागतो आणि टाके सोडावे लागतात. पुढच्या वेळी हाड आणखी वर कापण्याची, कधी तर गुडघाही जाण्याची पाळी येते. म्हणून अशा वेळी घोट्याजवळ किंवा त्याच्या किंचित वर सरळ आडवा छेद घेऊन कुजलेला भाग काढतात. या पद्धतीला गिलोटिन ॲम्प्युटेशन म्हणतात. त्यात कातडी शिवायची नसते. जखम उघडी ठेवून तिची रोज पाहणी करतात, योग्य अँटिबायोटिक देतात, रक्तातली साखर आटोक्यात आणतात, आणि सूज उतरून पोटरी स्वच्छ झाली की साधारण तीन ते सात दिवसांत वरची रीतसर शस्त्रक्रिया करून जखम बंद करतात.

याला केवळ अनुभवाचा आधार नाही. गुडघ्याखालच्या ॲम्प्युटेशनमध्ये कोणता छेद घ्यावा यावर कॉक्रेन आढावा, म्हणजे उपलब्ध प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास, उपलब्ध आहे. त्यात ओल्या गँग्रीनच्या रुग्णांमध्ये आधी घोट्याजवळ गिलोटिन आणि नंतर रीतसर शस्त्रक्रिया केल्यास जखम पहिल्याच प्रयत्नात भरण्याचे प्रमाण अधिक आढळले. या प्रयोगांतील रुग्णसंख्या लहान आहे हे मान्य करायला हवे, पण त्यांचा कौल आणि आमचा रोजचा अनुभव एकाच दिशेने जातात.

दुसऱ्या सर्जनचे म्हणणे चुकीचेच आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. संसर्ग पावलापुरताच मर्यादित असेल, आधी पू काढून आणि औषधांनी तो शांत झाला असेल, पोटरीला सूज आणि वेदना नसेल, तर एकाच वेळी शस्त्रक्रिया करून जखम बंद करणे योग्य ठरते. सुक्या गँग्रीनमध्ये, म्हणजे रक्तपुरवठा थांबल्यामुळे भाग वाळून काळा पडला आहे पण पू नाही अशा वेळी, बहुधा एकच टप्पा पुरतो. दोन टप्प्यांची किंमतही असते: दोनदा भूल, दोनदा रक्तस्राव, रुग्णालयात जास्त दिवस. हृदय अगदी अशक्त असलेल्या रुग्णात ही किंमत नीट तोलावी लागते. पण याची उलट बाजूही आहे. संसर्गामुळे रक्तदाब घसरत असेल, लघवी कमी होत असेल, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर काही मिनिटांत होणारी गिलोटिन शस्त्रक्रियाच जीव वाचवते, आणि त्या वेळी लांबलचक रीतसर शस्त्रक्रिया करणे धोक्याचे असते. अपघातात चिरडलेल्या आणि मातीने माखलेल्या पायातही जखम पहिल्याच दिवशी बंद करत नाहीत. मेलेला स्नायू कोणता आणि जिवंत कोणता हे पहिल्या दिवशी पूर्णपणे कळत नाही, म्हणून एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहणी करून, लागल्यास आणखी साफसफाई करून, मग ती बंद करतात.

आपण विचारले नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा असलेला मुद्दा पातळीचा आहे. गुडघा वाचवण्यासाठी आम्ही एवढा आटापिटा करतो, कारण स्वतःचा गुडघा असलेल्या माणसाला कृत्रिम पायाने चालताना गुडघ्याच्या वरून पाय काढलेल्या माणसापेक्षा बरेच कमी श्रम पडतात. वयस्कर रुग्णात तर पुढे चालणे होईल की नाही हे बहुतेक वेळा यावरच ठरते. सामान्यतः गुडघ्याच्या सांध्यापासून 12 ते 15 सेंटिमीटर खाली हाड कापतात. परिस्थितीच तशी असेल तर याहून आखूड स्टंपही चालतो, पण गुडघा सरळ करणारा स्नायुबंध नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो ती जागा राखलीच पाहिजे. उलट फार लांब स्टंपही फायद्याचा नसतो. पायाच्या खालच्या तिसऱ्या भागात मांसल स्नायू संपून स्नायुबंध सुरू होतात, तिथे हाडावर घालायला चांगली गादी मिळत नाही, आणि त्या भागाचा रक्तपुरवठाही कमी असतो.

या पातळीवर जखम भरेल का, याचा अंदाज आम्ही अनेक खुणांवरून बांधतो: कातडी कोमट आहे का, गुडघ्यामागची नाडी लागते का, रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी काय सांगते. कातडीतून प्राणवायूचा दाब मोजण्याची सोय असेल तर तो पाऱ्याच्या साधारण 30 मिलिमीटरच्या वर असल्यास आशा चांगली असते. अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने किंवा बायपासने मोकळी करता येण्यासारखी असेल, तर ते आधी केल्याने खालच्या पातळीवर जखम भरू शकते. म्हणून पाय काढण्यापूर्वी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाने पाहिले आहे का, हे जरूर विचारावे. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन फार कमी असेल, हिमोग्लोबिन घसरले असेल किंवा तंबाखू चालू असेल, तर उत्तम शस्त्रक्रियेनंतरही जखम रेंगाळते. अंतिम साक्ष मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मिळते. छेद घेताना कातडीच्या कडेतून ताजे लाल रक्त झिरपते का, आणि स्नायू लालसर असून स्पर्श झाल्यावर आखडतो का, हे पाहावे लागते. राखाडी आणि निपचित पडलेला स्नायू मागे ठेवायचा नसतो, मग आखणी कितीही सुंदर केलेली असो.

आता व्रण पुढे की बाजूला, म्हणजेच फ्लॅप कोणता. फ्लॅप म्हणजे हाडाच्या टोकावर आणून शिवण्यासाठी राखलेली कातडी आणि तिच्याखालचे स्नायू. नडगीच्या पुढच्या बाजूला हात फिरवून पाहा: कातडी पातळ आहे आणि तिच्या लगेच खाली हाड लागते. मागे पोटरीचा जाड स्नायू आहे. या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या गुडघ्यामागच्या मुख्य धमनीतून वरच निघतात, त्यामुळे खालच्या धमन्या बंद झाल्या तरी पोटरीचा वरचा भाग बऱ्याचदा जिवंत राहतो. या रचनेचा फायदा घेऊन अमेरिकेतील अर्नेस्ट बर्जेस यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस मागचा लांब फ्लॅप रूढ केला. पुढे जवळजवळ काहीच कातडी राखायची नाही, मागे पोटरीचा लांब पडदा ठेवायचा आणि तो हाडाखालून पुढे आणून शिवायचा, अशी ही पद्धत आहे. त्यापूर्वी पुढचा आणि मागचा फ्लॅप सारख्या लांबीचा ठेवत असत आणि जखमेची रेघ माशाच्या तोंडासारखी स्टंपच्या टोकावरून जात असे. निरोगी रक्तपुरवठा असलेल्या तरुण जखमी रुग्णात तीही चालते. पण मधुमेही किंवा रक्तवाहिन्या बंद झालेल्या पायात पुढचा फ्लॅपच प्रथम काळा पडतो.

आखणी कशी होते हे जरा जवळून सांगतो, कारण जखमेवर ताण येणार की नाही हे याच क्षणी ठरते. हाड जिथे कापायचे त्या पातळीवर पायाभोवती रेशमी धागा गुंडाळून घेर मोजतो आणि तेवढा धागा कापून त्याच्या तीन सारख्या घड्या करतो. दोन घड्यांएवढी लांबी पुढच्या आडव्या छेदाची, आणि एका घडीएवढी लांबी मागच्या फ्लॅपची. घेर 30 सेंटिमीटर असेल तर पुढचा छेद 20 आणि मागचा फ्लॅप 10 सेंटिमीटर होतो. घेर हा व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असल्याने मागून येणारा फ्लॅप टोक झाकून पुढच्या कडेपर्यंत नेमका पोहोचतो. मी त्यात एक-दोन सेंटिमीटर जास्तीचे धरतो. जास्त झालेली कातडी शेवटी कापता येते, पण कमी पडली तर हाड आणखी वर कापण्यावाचून मार्ग नसतो. पाय सुजलेला असताना घेर फसवा असतो, सूज उतरल्यावरची मोजणी अधिक भरवशाची, हाही दोन टप्प्यांचा एक लाभ आहे.

दुसरी पद्धत तिरप्या फ्लॅपची. ती इंग्लंडमधील किंग्सली रॉबिन्सन यांनी 1982 मध्ये मांडली. यात कातडीचे दोन सारखे फ्लॅप असतात, एक पुढच्या-आतल्या बाजूचा आणि दुसरा मागच्या-बाहेरच्या बाजूचा. स्नायूचा फ्लॅप मात्र पोटरीचाच असतो. व्रण तिरपा जातो, नडगीच्या कडेवर येत नाही, आणि स्टंपला लवकर गोलसर आकार येतो. आतली आणि बाहेरची अशा दोन बाजूंच्या सारख्या फ्लॅपांची पद्धतही आहे. पोटरीच्या मागच्या कातडीवर जखम असेल तेव्हा ती हाताशी असावी. तुलना केली तर वर सांगितलेल्या आढाव्यात तिरप्या फ्लॅपने किंवा बाजूच्या फ्लॅपांनी मागच्या लांब फ्लॅपपेक्षा जखम अधिक चांगली भरते असे दिसले नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: जी कातडी निरोगी आहे तिच्यातून फ्लॅप घ्यावा, आणि सर्जनने ज्या पद्धतीवर हात बसवला आहे तीच वापरावी. मी बहुधा मागचा लांब फ्लॅप घेतो. पूर्वीच्या बायपासचा व्रण किंवा पोटरीवरची जखम आड येत असेल तर तिरपा. व्रण पुढे आला म्हणून कृत्रिम पाय बसत नाही, अशी भीती बाळगू नये. तो नडगीच्या टोकाच्या थोडा वर आणि न चिकटलेला असला की सॉकेटमध्ये त्रास होत नाही.

हाडाबद्दल थोडक्यात. नडगीचे जाड हाड, म्हणजे टिबिया, सरळ कापले की पुढे एक धारदार कोपरा उरतो. तो तिरका तासून कानशीने गुळगुळीत केला नाही तर आतून कातडीवर दाब येतो आणि काही महिन्यांनी नेमक्या त्या जागी कातडी फाटून जखम होते. बाजूचे बारीक हाड, फिब्युला, टिबियापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर आखूड ठेवतात. ते लांब राहिले तर टोचते, फार आखूड झाले तर स्टंप शंकूसारखा निमुळता होतो. हाडाचा भुसा सलाइनने धुऊन काढावा लागतो.

मज्जातंतूंवर मात्र जास्त वेळ द्यायला हवा, कारण चांगली भरलेली जखम दुखरी निघाली तर रुग्ण कृत्रिम पाय कोपऱ्यात ठेवून देतो. कापलेल्या प्रत्येक मज्जातंतूच्या टोकाला वाढणारी गाठ तयार होते. ती गाठ टाळता येत नाही, पण ती कुठे असावी हे आपल्या हातात असते. पायातले पाचही महत्त्वाचे मज्जातंतू शोधून, हलकेच ओढून, धारदार पात्याने कापून वर मऊ स्नायूंत सरकू द्यायचे, म्हणजे गाठ दाबाच्या जागेपासून दूर राहते. पोटरीच्या कातडीखालून जाणारा बारीक मज्जातंतू मागच्या फ्लॅपमध्येच असतो. तो वेगळा शोधून वर कापला नाही तर त्याचे टोक थेट पुढच्या व्रणात येऊन बसते. अलीकडे कापलेला मज्जातंतू जवळच्या स्नायूच्या चेतातंतूला जोडण्याची किंवा स्नायूच्या तुकड्यात गुंडाळण्याची पद्धत काही केंद्रांत वापरतात. दुखरी गाठ आणि गेलेल्या पायाच्या वेदना तिने कमी होतात असा अनुभव आहे, पण तिला वेळ आणि वेगळे कौशल्य लागते. गंभीर आजारी रुग्णात तिचा आग्रह धरू नये.

आता स्नायू. पोटरीचा वरचा स्नायू राखतात, आणि फ्लॅप फार जाड होत असेल तर त्याच्या आतला सोलियस स्नायू काढतात किंवा पातळ करतात. फ्लॅप जाड असताना कातडी ओढून शिवली तर ताण येतोच. राखलेल्या स्नायूचे आवरण हाडाच्या टोकाला छिद्रे पाडून त्याला शिवले तर त्याला मायोडेसिस म्हणतात. पुढच्या स्नायूंच्या आणि हाडाच्या आवरणाला शिवले तर मायोप्लास्टी. मायोडेसिसमुळे स्नायू टोकावरून घसरत नाही, म्हणून तरुण आणि खूप चालणाऱ्या रुग्णासाठी ती चांगली. पण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायात घट्ट ओढलेला स्नायू गुदमरतो, आणि आपल्या वडिलांसारख्या रुग्णात मी सैलसर मायोप्लास्टी पसंत करतो. दोन्ही हाडांच्या टोकांमध्ये हाडाचा पूल बांधण्याची एर्टल पद्धतही आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात हंगेरीचे यानोश एर्टल यांनी ती मांडली. तिच्यासाठी चांगला रक्तपुरवठा आणि जास्तीचा वेळ लागतो, त्यामुळे मधुमेही संसर्गाच्या रुग्णात तिचा विचार सहसा होत नाही.

इतके झाल्यावर आपण प्रत्यक्ष शिवण्यापाशी येतो. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळलेला पट्टा, लावले असेल तर ते शिवण्याआधी सोडून प्रत्येक रक्तस्राव थांबवावा लागतो, कारण बंद जखमेत साचलेले रक्त हे जंतूंचे खाद्य असते आणि ते आतून फ्लॅपवर दाब देते. रक्त झिरपण्याची शंका असेल तर एक ते दोन दिवस ड्रेन, म्हणजे साचलेले रक्त बाहेर काढणारी नळी, ठेवतात. मग फ्लॅप पुढे आणून हात काढून घेतात. तो स्वतःहून जागेवर टेकून राहिला, कातडीच्या कडा बोटाने हलके जुळल्या आणि पांढऱ्या पडल्या नाहीत, तर ताण नाही असे समजावे. पांढऱ्या पडल्या तर शिवणे थांबवून आतला स्नायू कमी करणे किंवा हाड एक सेंटिमीटर आखूड करणे हाच उपाय. जास्त टाके घालून किंवा जाड धागा वापरून ताण जात नाही, तो फक्त कातडीच्या कडेवर ढकलला जातो आणि दोन-चार दिवसांत कड काळी पडते.

खोल आवरण विरघळणाऱ्या धाग्याने नीट शिवले की कातडीवर भार येत नाही. मजबुती त्या थराची, कातडीच्या टाक्यांनी फक्त कडा एकत्र धरायच्या. म्हणून आपल्या टाके की स्टेपल या प्रश्नाचे उत्तर फारसे नाट्यमय नाही. दोन्ही चालतात. स्टेपलने वेळ वाचतो. नायलॉनचे सुटे टाके घातले तर गरज पडल्यास एखादाच टाका सोडून आतले पाणी काढता येते, आणि नाजूक कातडीत प्रत्येक टाक्याचा ताण हाताला कळतो, म्हणून मी मधुमेही रुग्णात तेच घालतो. कातडीची कड चिमट्याने दाबून पकडू नये, याला मी धाग्याच्या निवडीपेक्षा जास्त महत्त्व देतो. चिमट्याने दाबलेली कड आधीच अर्धमेली झालेली असते.

शिवल्यावर दोन्ही टोकांना कातडीचे उंचवटे राहतात. घरच्यांना ते पाहून वाटते की काम ओबडधोबड झाले. फ्लॅपचा पाया रुंद राहावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असतात. ते सपाट करायला कातडी कापली तर फ्लॅपचा पाया अरुंद होतो आणि त्याचा रक्तपुरवठा घटतो. एका रुग्णाच्या मुलीने हे उंचवटे काढून टाका म्हणून बराच आग्रह धरला होता. मी थांबायला सांगितले. पट्ट्यांनी सूज उतरत गेली आणि कृत्रिम पायाचे माप घेण्याच्या वेळी ते शोधावे लागले.

इथवरचे तीन वाक्यांत सांगायचे तर: ओल्या गँग्रीनमध्ये दोन टप्पे बहुधा अधिक सुरक्षित, फ्लॅप निरोगी कातडीचा आणि ताणाविना असावा, त्याचे नाव दुय्यम, आणि टाके की स्टेपल हा प्रश्न या सर्वांत शेवटचा.

शस्त्रक्रियेनंतरची पट्टी हाही जखम बंद करण्याचाच भाग आहे. गुडघा सरळ ठेवून मांडीपर्यंत प्लास्टर किंवा काढता येणारे कडक आवरण घातले तर सूज कमी राहते, स्टंप आपटला तरी जखम वाचते आणि गुडघा वाकून आखडत नाही. प्लास्टर आत काय चालले आहे ते झाकते, म्हणून संसर्गाची शंका असलेल्या रुग्णात काढता येणारे आवरण बरे. आरामासाठी गुडघ्याखाली उशी ठेवण्याचा मोह नातेवाइकांना होतो; ती ठेवू नये. गुडघा एकदा आखडला की सुंदर भरलेल्या जखमेचाही चालायला उपयोग होत नाही. टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी काढतात, मधुमेही रुग्णात त्याहून उशिरा, आणि सगळे एकाच दिवशी काढायचे असा नियम नाही.

या काळात कडेचा अगदी अरुंद पट्टा काळा पडला आणि तो कोरडा असेल, तर घाबरू नये. खालून नवी कातडी आली की तो आपोआप सुटतो, आणि तोवर त्याला हात न लावता वाट पाहणे हिताचे. पण काळेपणा रोज रुंदावत असेल, ताप येत असेल, स्टंप घट्ट आणि गरम लागत असेल, वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल किंवा पट्टी वासाच्या पाण्याने भिजत असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला दाखवावे. वेळेत दोन टाके सोडून पू काढला तर बहुतेकदा स्टंपची लांबी वाचते. उशीर झाला तर हाड वर कापावे लागते.

दोन्ही सर्जनांना आपण एकच गोष्ट विचारावी असे मी सुचवेन: आजच्या तपासणीत पोटरीत संसर्गाची कोणती खूण दिसते, आणि एकाच वेळी जखम बंद केल्यावर आत पू आढळला तर पुढची योजना काय आहे. एक टप्पा सुचवणारे सर्जन पोटरी स्वच्छ आहे हे एमआरआय, सोनोग्राफी किंवा प्रत्यक्ष तपासणीच्या आधारे दाखवू शकले, आणि छेद घेतल्यावर पू दिसला तर जखम उघडी ठेवण्याची त्यांची तयारी असेल, तर त्यांचा सल्ला निःशंकपणे मानता येईल. तसे नसेल, तर आपण लिहिलेल्या लक्षणांवरून मी पहिल्या सर्जनच्या बाजूने उभा राहीन. मात्र पाऊल ज्या अवस्थेत आहे ते पाहता, निर्णय कोणताही होवो, तो आज-उद्या व्हायला हवा.